एक-तीन-चार-दोन

ग्रॅच्युइटीचा चेक वटला त्या गुरुवारी
कॅम्पातल्या एका शेडसमोर मी उभी होते.
एरच पंथकींचा हात कापत होता,
किल्ली मात्र पहिल्या फेरीतच लागली.

ताडपत्रीखाली दोन दारांची एमजी,
सदुसष्टची, टप उघडा, उंची माझ्या कमरेपर्यंत,
चारही टायर बसलेले,
मागच्या सीटच्या जागी मांजरीने दोन वेळा संसार केलेला.
"इंजिन जाम आहे, खोटं कशाला बोलू?"
ते फार मोठ्याने म्हणाले.
किंमत त्यांनी बोटांवर सांगितली,
मीही बोटांवरच कमी केली.
स्वतःचा आवाजसुद्धा त्यांना आता ऐकू येत नाही.

आई म्हणाली, तेवढ्यात अख्ख्या घराला रंग झाला असता,
वर बाल्कनीला ग्रिल.
मग थांबून: "आणि बसायला दोघांचीच जागा. दुसरं कोण?"
मी पाने शोधत होते.

सव्वीस वर्षं भोसरीत मी इतरांचे तुकडे मोजले.
काचेचं दार, वीस अंश, पांढरे हातमोजे,
एक मायक्रॉन इकडचा तिकडे झाला की लाल टॅग.
कंपनी चाकणच्याही पुढे गेली.
मी गेले नाही. मायक्रोमीटर तेवढा माझा होता, तो आणला.

नाना पेठेत दिलावर शिकलगारांकडे
इंजिन साखळीला टांगलं, खालून घमेल्यात
काकवीसारखं काहीतरी उतरत राहिलं.
"ही इंचातली बाई आहे," ते म्हणाले,
"मिलिमीटरमध्ये बोलाल तर रुसेल."
मी मनातल्या मनात पंचवीस पूर्णांक चारने भागत बसले.

तिसऱ्या सिलिंडरला गंजाची कडी.
पिस्टन तिथेच अडकलेला,
बोलता बोलता कुणी हाक मारली म्हणून उठून गेलेल्या माणसाच्या वाक्यासारखा.
तीन आठवडे रॉकेल मुरवलं.
मग लाकडी ठोकळा, वर हातोडी.
दिलावर दर ठोक्याला बिस्मिल्ला म्हणत,
मी म्हणत होते, हळू.

बोअर वीस थाउने वाढवला, क्रँक दहाने उतरवला,
पिस्टन कोइमतूरहून आले, एक परत गेला.
व्हॉल्व्ह मात्र मी घासले, आठही.
दांडी दोन तळव्यांत धरून, रवी फिरवावी तशी,
पेस्टची करकर मऊ होत जाईपर्यंत,
कडेला करड्या रंगाची एकसंध रेघ उमटेपर्यंत.
ताकासाठी मी इतका धीर कधी धरला नव्हता.

दिलावर नखाने मोजतात.
मी मोजून सांगितलं की म्हणतात, तेच तर म्हणालो.

पेटायची पाळी: एक, तीन, चार, दोन.
पंगतीत वाढपी असा उड्या मारत गेला
तर दुसऱ्या पानावरचा उठून भांडेल.
इथे हेच रीतीचं.
एक-तीन-चार-दोन, मी जिन्यात म्हणत होते,
दुधाच्या रांगेत, आईचं ब्लडप्रेशर घेताना.

सुरू झाली ती एका मंगळवारी, साडेचारला,
पहिल्यांदा खोकून बंद पडून.
दुसऱ्यांदा बंद नाही पडली.
शेजारच्या रेडिएटरवाल्याने काम थांबवून
फक्त मान हलवली. नाना पेठेत याला टाळ्या म्हणतात.

रविवारी सकाळी कॅम्पात नेली.
पंथकी सदऱ्यावरच बाहेर आले.
गाडीकडे पाहिलं नाही, मडगार्डवर पालथा नाही, उताणा नाही,
आडवा हात ठेवला, करंगळीच्या बाजूने,
आणि डोळे मिटले.
बराच वेळ. समोरच्या बेकरीतून दोन गिऱ्हाइकं होऊन गेली.
मग तीन बोटं वर केली
आणि तो हात हवेत जरासा हलवला: जेमतेम, जेमतेम.

घरी येऊन इंजिन गार होऊ दिलं.
झाकण काढलं, फीलर गेज सरकवला.
तिसऱ्याचा एक्झॉस्ट: बाराच्या जागी चौदा.
मी बारा ठेवले होते. वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात, सहीसकट.

दिलावरना फोन केला.
"दोन थाउ?" ते म्हणाले, "तेवढं तर कानाने कळतच नाही."

नट सैल केला, पुन्हा कसला, पुन्हा मोजला.
वहीत जुना आकडा खोडला नाही, शेजारी नवा लिहिला.
येत्या रविवारी परत जायचंय.
बघू, किती बोटं दाखवतात.